धुळीतले चेहरे : मॉरिस कांतां द ला तूर आणि त्याचे पेस्टल (फार मोठं झालंय, सवडीने वाचा)

निशिगंध

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. मागच्या वर्षी लेकीकडे पॅरिसला गेले होते तेव्हा सगळं बघून झाल्यावर तिला म्हटलं मला एका गावाला जायचंय, सॅं-कांतां नावाचं. ती म्हणाली आई तिथे काय आहे, कोणी जात नाही तिकडे. मी म्हटलं चेहरे आहेत. उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीने दीडेक तास लागतो, सपाट शेतांचा मुलूख, पिकार्डी म्हणतात त्याला. गावात आंत्वान लेक्युए नावाचं छोटं संग्रहालय आहे आणि तिथल्या खोल्यांमधे, मंद उजेडात, मॉरिस कांतां द ला तूर या चित्रकाराची ऐंशीच्या आसपास पेस्टल, म्हणजे रंगीत खडूंनी केलेली चित्रं, आहेत.

तर त्या खोलीत पाऊल टाकलं आणि मला पुढे सरकताच येईना. भिंतभर नुसते चेहरे. खांदे नाहीत, अंगरखा नाही, केसांचा टोप दोन-चार रेघांत सोडून दिलेला, मागे निळसर राखाडी कोरा कागद, आणि त्यातून माणूस तुमच्याकडे बघतोय, काहीतरी बोलता बोलता मधेच थांबल्यासारखा. अडीचशेच्या आसपास वर्षं झाली हो त्या माणसांना जाऊन, पण ओठांचा कोपरा अजून हलेल असं वाटतं. माझे डोळे भरून आले. लेक घाबरली, बरं वाटत नाहीये का म्हणून विचारायला लागली.

आता थोडी माहिती. जन्म ५ सप्टेंबर १७०४, याच सॅं-कांतांमधला. पोरवयातच घर सोडून पॅरिसला गेला. त्याच सुमारास, म्हणजे १७२०-२१ मधे, व्हेनिसची रोझाल्बा कारिएरा नावाची चित्रकार बाई पॅरिसला येऊन राहिली आणि तिने पेस्टलमधे पोर्ट्रेट करून सगळ्या शहराला वेड लावलं, लहानग्या पंधराव्या लुईचं सुद्धा केलं. तोवर पेस्टल म्हणजे कच्च्या कामाची चीज मानायचे, तिच्यामुळे त्याला मान मिळाला आणि आपला हा पोरगा नेमका त्या लाटेवर आला. १७३५ च्या सुमारास त्याने व्होल्तेअरचं पोर्ट्रेट केलं, त्याच्या छापील प्रती निघाल्या आणि नाव झालं. १७३७ पासून लूव्हरमधल्या सालोंमधे, म्हणजे राजाच्या चित्रकला अकादमीच्या जाहीर प्रदर्शनात, तो चित्रं ठेवायला लागला ते थेट १७७३ पर्यंत. १७४६ ला अकादमीचा पूर्ण सभासद, १७५० पासून राजाचा चित्रकार आणि लूव्हरमधेच राहायला जागा. राजा, राणी, युवराज, सरदार, सावकार, गायिका, तत्त्वज्ञ, सगळे त्याच्यासमोर बसले.

मी भिंतभर चेहरे म्हटलं ना, त्यांना फ्रेंचमधे 'प्रेपारास्यों' म्हणतात, म्हणजे तयारी. मोठं चित्र करायच्या आधी समोर माणूस बसवून नुसता चेहरा करायचा, तो घरी न्यायचा आणि मग त्यावरून कपडेलत्ते, हात, खुर्ची असलेलं पूर्ण चित्र. पूर्ण चित्रं गिऱ्हाइकांकडे गेली, तयारीचे चेहरे त्याच्याकडे राहिले आणि मरेपर्यंत राहिले. मला असं ठामपणे वाटतं की त्याचं खरं काम हे आहे. पूर्ण चित्रांत मखमल येते, लेस येते, सोन्याची जर येते, आणि माणूस थोडा थोडा मागे जातो. तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी पेस्टल हाताळलंय त्यांनी तर नक्की लिहा.

डोंगरकडा

मेणबत्तीवाला ला तूर ना हा? अंधारात एक बाई बसलीये, समोर कवटी आणि ज्योत? ते चित्र फार आवडतं मला.

निशिगंध

@डोंगरकडा, नाही नाही, तो जॉर्ज द ला तूर, शंभर वर्षं आधीचा, १५९३ ते १६५२, लोरेनचा, तेलरंगवाला. नावामुळे सगळ्यांचा घोळ होतो. पण गंमत म्हणजे याचंही एक मेणबत्तीचं चित्र आहे, १७४२ च्या सालोंमधलं. आबे ह्युबर नावाचे त्याचे स्नेही, जाडजूड ग्रंथ उघडून त्यावर ओणवे झालेत, शेजारी दोन मेणबत्त्या, त्यातली एक जळून संपलीये आणि तिचा धूर निघतोय, तरी यांचं लक्ष नाही. रात्र किती झाली ते त्या धुरावरून कळतं. इतका वाचनात बुडालेला माणूस मी दुसऱ्या कुठल्या चित्रात पाहिला नाही. एक प्रत जिनिव्हाला आहे, एक सॅं-कांतांलाच.

जुनं_नाणं

व्वा निशिगंधताई!! हा माणूस माझ्याकडे घरात आहे!! म्हणजे नोटेवर आहे. फ्रान्सची ५० फ्रँकची नोट, १९७६ पासूनची, ९० च्या दशकात तिच्या जागी सॅंतेक्झ्युपेरी या लेखकाची आली. दोन्ही बाजूंना हाच, एका बाजूला मागे व्हर्सायचा महाल आणि दुसऱ्या बाजूला सॅं-कांतांची नगरपालिकेची इमारत. वीस वर्षं ती नोट अल्बममधे आहे आणि मला एवढंच माहीत होतं की कोणी चित्रकार आहे, आज पहिल्यांदा नोट काढून चेहरा नीट बघितला. हसतोय की हो तो. नोटेवर हसणारा माणूस सहसा नसतो.

चौकट

उत्तम विषय. मी चित्रकला शिकवायचो, आता निवृत्त आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे सरका.

पेस्टल म्हणजे काय ते आधी नीट समजून घेऊ कारण मुलं ऑइल पेस्टल समजतात, शाळेत वापरतो ते. हे सॉफ्ट पेस्टल. रंगाची पूड, त्यात खडूची किंवा पांढऱ्या मातीची पूड आणि चिकटायला अगदी थोडा डिंक, एवढंच. डिंक इतका कमी की कांडी कागदावर ओढली की पूड खरवडून कागदाच्या तंतूंमधे अडकून बसते. तेलरंगासारखा थर वाळून घट्ट होत नाही. म्हणजे समोर चेहरा दिसतोय तो शब्दशः कागदावर टेकलेली धूळ आहे. फुंकर मारली, बोट लागलं, फ्रेम आपटली की गेली. पॅलेटवर रंग कालवता येत नाही म्हणून प्रत्येक छटेची वेगळी कांडी लागते, शेकडो. त्या काळात लोझानच्या स्तूपां नावाच्या कारागिराच्या कांड्यांना फार मागणी होती.

कागद बहुधा निळा, जुन्या निळ्या चिंध्यांच्या लगद्याचा, जाडाभरडा, कापडावर ताणून लाकडी चौकटीवर चढवलेला. हा निळा कागद म्हणजे अर्धं काम. चेहऱ्यावरची सावली वेगळी रंगवायची गरजच नाही, कागद उघडा सोडायचा आणि शेजारी गुलाबी, पिवळट रेघा द्यायच्या, डोळा आपोआप त्या निळ्याला कातडीची सावली समजतो. निशिगंध म्हणतात ते चेहरे जिवंत का वाटतात याचं एक कारण हे. दुसरं असं की इतर पेस्टलवाले बोटाने घोटून घोटून कातडी गुळगुळीत करायचे, हा वरून परत मोकळ्या रेघा मारायचा, हिरवट, निळ्या, विटकरी, आणि त्या घोटायचा नाही. लांबून बघितलं की त्या मिसळतात.

मात्र 'पूर्ण चित्रांत माणूस मागे जातो' हे मला मान्य नाही. निशिगंध, तुम्ही लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयातलं प्रेसिदां द रिये पाहा. गाब्रिएल बेर्नार द रिये, पॅरिसच्या मोठ्या सावकाराचा मुलगा आणि उच्च न्यायालयातला अध्यक्ष. १७३९ ते ४१ मधे केलंय, दोन मीटर उंच आणि दीड मीटर रुंद, पेस्टलमधे!! कागदाचे तुकडे जोडून जोडून एवढा पृष्ठभाग केला, कारण एवढा कागद त्या काळी निघतच नव्हता. लाल झगा, काळा अंगरखा, मागे पडदा, पायाखाली गालिचा, टेबलावर शाईची दौत, पुस्तकं, पृथ्वीचा गोल. वर एवढी काच लावायची, तीही त्या काळात बनवायची म्हणजे केवढं काम. धुळीने तेलरंगाला ललकारलंय त्यात, तेव्हाच्या मोठ्या दरबारी चित्रांच्या बरोबरीने उभं राहून. अपुऱ्या कामाची गोडी हा आपल्या काळाचा डोळा आहे. त्याने ते चेहरे कधी कलाकृती म्हणून मांडलेच नाहीत.

मिनू७

सर फार छान समजावलंत. पण मी निशिगंधताईंच्या बाजूने बोलणार आहे आणि माझ्याकडे साक्षीदार आहे 🙂

मी फ्रेंच शिकवते, त्यामुळे त्या काळातली पत्रं वाचायची सवय आहे. १७६६ मधे ला तूर हॉलंडला गेला होता आणि बेल व्हान झ्युलेन नावाच्या तरुण मुलीचं पोर्ट्रेट करत होता, हीच पुढे इझाबेल द शारिएर नावाने लेखिका झाली. ती पत्रांत सांगते की रोज सकाळी सिटिंग, आठवडेच्या आठवडे, आणि या माणसाला असा ध्यास लागलाय की मी जे बोलते, जो विचार करते, जे मला वाटतं ते सगळं त्याला चित्रात घालायचंय आणि त्यापायी तो स्वतःला मारून घेतोय. आणि झालं काय तर पहिलं चित्र चांगलं साधलेलं असताना तो त्यात हात घालत राहिला, घालत राहिला आणि ते गेलं, मग पुन्हा पहिल्यापासून नवीन. ते दुसरं जिनिव्हाला आहे.

म्हणजे बघा ना, बासष्ट वर्षांचा, युरोपभर नावाजलेला माणूस, आणि कुठे थांबायचं ते त्याला कळत नव्हतं. किंवा कळत होतं पण हाताला आवरत नव्हतं. मला ते वाचून फार वाईट वाटलं त्याच्यासाठी.

रानवारा

मी रत्नागिरीचा, सॉफ्ट पेस्टलवर गेली नऊ वर्षं काम करतोय, विकायला नाही स्वतःसाठी, त्यामुळे मिनू७ यांनी लिहिलंय ते मला अगदी पोटातून कळलं. तेलरंगात चुकलं तर खरवडून काढता येतं, परत रंगवता येतं. पेस्टलमधे कागदाच्या तंतूंची जागा एकदा भरली की संपलं, वरची पूड बसतच नाही, नुसती घसरते, आणि जास्त घासलं की रंग मातकट होतात. ती वेळ कधी येते ते आधी कळत नाही. चेहरा जमलेला असतो, आपल्याला वाटतं नाकाजवळ एक उजळ ठिपका देऊ, दिला की सगळा चेहरा मेलेला. माझी अशी किती पोर्ट्रेट गेली. आईचं एक केलं होतं ती असताना, तिच्या डोळ्यांत जे होतं ते आलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत हात लावला. अजून वाटतं तेव्हा कोणी माझा हात धरायला हवा होता.

आणि आमच्या इथला पाऊस. जून ते सप्टेंबर कागद ओलावा धरतो आणि डिंकामुळे बुरशीचे पांढरे ठिपके येतात, गडद रंगांवर पहिले. मी आता काच आणि कागद यांच्यामधे माउंटबोर्डची फट ठेवतो, मागे सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळ्यात सगळ्या फ्रेम्स बाहेरच्या भिंतीवरून काढून आतल्या भिंतीवर. ॲक्रिलिक शीट चुकूनही लावू नका कोणी, ती स्थिर विजेने पूड ओढून घेते, काचच हवी. एवढं करून दहा वर्षं टिकवताना नाकी नऊ येतात आणि यांची तिकडे पावणेतीनशे वर्षं टिकलीयेत, त्या लोकांना माझा नमस्कार.

प्रश्न : तो फिक्सेटिव्ह, म्हणजे पूड पक्की बसवायचं द्रावण, मारायचा का? मारायचा तर कसला?

निशिगंध

@रानवारा आईच्या पोर्ट्रेटचं वाचून गलबललं. ते अजून आहे ना तुमच्याकडे? असेल तर जपून ठेवा, जसं आहे तसं.

चौकट

रानवारा, तुमच्या प्रश्नातच त्याची अर्धी शोकांतिका आहे. तो आयुष्यभर फिक्स करायच्या मागे होता. पेस्टल टिकत नाही हा त्या काळातला सगळ्यात मोठा आक्षेप, त्यावर सगळे उपाय शोधत होते. १७५३ मधे लोरिओ नावाच्या कल्पक माणसाने अकादमीपुढे स्वतःची पद्धत मांडली आणि गुपित ठेवली, ते गुपित १७८० ला जाहीर केलं. माशापासून काढलेला पातळ सरस आणि स्पिरिट, ब्रशने बारीक तुषार उडवायचे. ला तूरने स्वतःही नाना प्रयोग केले आणि त्यात स्वतःचीच काही चित्रं खराब करून घेतली.

फिक्सेटिव्हने पेस्टल का मरतं ते सांगतो. आमच्या वेळी शाळेत ओल्या फळ्यावर खडूने लिहिलं की अक्षर दिसायचं नाही, फळा वाळला की पांढरंशुभ्र उठायचं. तेच इथे. कोरड्या पुडीच्या कणांमधे हवा असते, उजेड त्या कणांवर आपटून सगळीकडे उधळतो म्हणून पेस्टल मखमलीसारखं, आतून उजळल्यासारखं दिसतं. कणांमधली ती हवा सरसाने भरली की उजेड आत शिरतो आणि परत कमी येतो. अक्षर वाळल्यावर परत दिसतं, सरस मात्र तिथेच राहतो. म्हणजे धूळ टिकवायची तर उजेड द्यावा लागतो. हा सौदा त्याला शेवटपर्यंत मान्य झाला नाही.

आणि म्हातारपणी तर त्याने झां रेस्तूचं पोर्ट्रेट, जे त्याने अकादमीत प्रवेशाच्या वेळी दिलं होतं, ते परत मागून घेतलं आणि सुधारायला म्हणून हात घातला आणि बिघडवून टाकलं. एवढ्या वर्षांपूर्वीचं काम. रेस्तू त्याला गुरुस्थानी होता.

डोंगरकडा

सगळं वाचतोय, छान आहे, पण मनात येतं ते स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ज्या काळात ही मखमलीतली माणसं रंगवली जात होती त्याच काळात फ्रान्समधले शेतकरी करांखाली भरडले जात होते, पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे. मग हे चेहरे जिवंत वाटतात म्हणजे नक्की कोण जिवंत वाटतंय आपल्याला? सावकाराचा मुलगा, राजाची मैत्रीण?

मिनू७

@डोंगरकडा राग कशाचा, हा प्रश्न त्या काळात त्याच्या मित्रांनीच विचारलाय. दिदेरो म्हणजे विश्वकोशाचा संपादक, तो सालोंवर लिहायचा आणि ला तूरला चांगला ओळखत होता. ला तूरने रूसोचं पोर्ट्रेट केलं, १७५३ च्या सालोंमधे होतं, सॅं-कांतां आणि जिनिव्हाला प्रती आहेत. दिदेरो म्हणतो मी इथे आपल्या काळाचा कातो आणि ब्रुटस, म्हणजे जुन्या रोममधली करारी माणसं, शोधत होतो, विस्कटलेला टोप, अंगावर कसेही कपडे, आणि दिसतोय कोण तर गावच्या ज्योतिषावरची संगीतिका रचणारा, नीट कपडे केलेला, नीट पावडर लावलेला, गवताच्या खुर्चीवर बसलेला गृहस्थ. म्हणजे चित्र खोटं नाही पण माणसातली धार गेली असं त्याचं म्हणणं. रूसोला मात्र ते चित्र फार प्रिय होतं, त्याने आत्मचरित्रात त्याबद्दल लिहिलंय.

दिदेरोचं अजून एक निरीक्षण, १७६७ चं, ला तूरला प्रत्यक्ष काम करताना बघून केलेलं, तो शांत असतो, थंड असतो, तळमळत नाही, धापा टाकत नाही, तो तंत्रातला अद्भुत यंत्रकार आहे. आणि आदल्याच वर्षी बेलने लिहिलं होतं की तो स्वतःला मारून घेतोय. दोघंही डोळ्यांनी बघून लिहितायत. मला वाटतं तो अनोळखी, पैसेवाल्या गिऱ्हाइकासमोर थंड असेल आणि जिथे जीव गुंतला तिथे तळमळत असेल.

त्याच्या नावावर एक वाक्य सांगितलं जातं. त्यांना वाटतं मी फक्त त्यांच्या चेहऱ्याचे अवयव टिपतो, पण मी त्यांच्या नकळत त्यांच्या आत उतरतो आणि त्यांना अख्खंच्या अख्खं बाहेर काढून आणतो.

निशिगंध

@डोंगरकडा तुमचं बरोबर आहे की समोर बसलेले बहुतेक पैसेवाले किंवा नाव असलेले. पण सॅं-कांतांच्या भिंतीवर कितीतरी चेहऱ्यांखाली नुसतं 'अनोळखी' लिहिलंय. कोण होते ते आता कोणालाच माहीत नाही, नाव गेलं, पदवी गेली, कपडे तर रंगवलेच नव्हते. राहिला तो चेहरा. एक मधल्या वयाची बाई आहे, किंचित दुमडलेली हनुवटी आणि हसू दाबलेले ओठ, माझी मामी डोळ्यांपुढे आली. म्हणूनच मी म्हणते ना की तयारीचे चेहरे थोर, तिथे राजाची मैत्रीण आणि गायिका आणि अनोळखी बाई एका रांगेत, एकाच निळ्या कागदावर.

आणि गायिकेवरून, मारी फेलचा चेहरा. ऑपेराची मोठी गायिका, मिनू७ ने म्हटलं त्या रूसोच्या संगीतिकेत १७५२ ला हिनेच मुख्य भूमिका गायली. ला तूरची ती आयुष्यभराची सोबतीण. डोक्याला पौर्वात्य पद्धतीचं वस्त्र गुंडाळलंय, डोळे मोठे, पापण्या थोड्या जड. त्या चित्रासमोर मी सगळ्यात जास्त वेळ होते. हे त्याने विकायला केलं नसणार, आणि तिथे त्याला थांबता आलंय.

जुनं_नाणं

पैशाचा विषय निघालाय म्हणून विचारतो, हा किती घ्यायचा? नोटेवर गेलेल्या माणसाबद्दल एवढं कळायलाच हवं मला.

चौकट

भरपूर घ्यायचा आणि माणूस बघून घ्यायचा. मादाम द पोंपादूर, म्हणजे राजाची मैत्रीण, तिच्या चित्राचे त्याने ४८,००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) मागितले आणि २४,००० मिळाले असं सांगतात, आणि तो चिडला. तेव्हा शेजारी राहणाऱ्या शार्दांने, म्हणजे तो मातीची भांडी आणि फळं रंगवणारा थोर चित्रकार, त्याला आठवण करून दिली की नोत्र दामच्या भिंतींवरच्या सगळ्या चित्रांना मिळून सुद्धा याच्याहून कमीच पडले. ही आख्यायिका म्हणून घ्या, पण अशा गोष्टी ज्याच्याबद्दल पसरतात तो कसा असेल ते कळतं.

मात्र पैसा त्याने साठवून ठेवला नाही. अकादमीत बक्षिसांसाठी देणग्या दिल्या, गावात गरीब बाळंतिणींसाठी आणि थकलेल्या कारागिरांसाठी निधी केला, आणि १७८२ मधे सॅं-कांतांला फुकट चित्रकला शाळा काढली. ती शाळा त्याच्या नावाने आजही आहे. शिक्षक म्हणून मला त्याचं हे काम पोंपादूरच्या चित्राएवढंच मोठं वाटतं. डोंगरकडा, राजाच्या दरबारातून आलेला पैसा कापड विणणाऱ्यांच्या गावातल्या पोरांना रेघ शिकवायला गेला, हेही हिशेबात धरा.

डोंगरकडा

हे माहीत नव्हतं सर. धरलं.

मिनू७

पेरोनोबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून? ती गोष्ट मला ला तूरवर रागवायला लावते, आणि लिहायलाच हवी.

झां-बातिस्त पेरोनो, वयाने ला तूरहून लहान, पेस्टलमधे तितकाच ताकदीचा, त्याची रेघ उलट जास्त मोकळी. १७५० च्या सालोंसाठी ला तूरने त्याला आपलं पोर्ट्रेट करायला सांगितलं. पेरोनोला केवढा मान वाटला असेल. आणि ला तूरने गुपचूप स्वतःच स्वतःचं पोर्ट्रेट केलं आणि ते त्याच प्रदर्शनात आलं, म्हणजे लोक दोन्ही बघणार आणि ठरवणार. दिदेरोने ही हकिकत नंतर लिहून ठेवलीये आणि त्याला ला तूरचं ते वागणं पसंत पडलं नव्हतं, मोठ्या माणसाला अशा गोष्टीची गरज काय. पेरोनो पुढे कामासाठी गावोगाव, देशोदेशी फिरत राहिला आणि १७८३ ला ॲम्स्टरडॅममधे वारला.

आज पेरोनोने केलेला ला तूर सॅं-कांतांला आहे आणि ला तूरने केलेला ला तूर अमियांला. शेजारी शेजारी फोटो लावून बघा. स्वतःच्या चित्रात तो हसरा, हुशार, सगळं जिंकलेला आहे. पेरोनोच्या चित्रात तो थोडा दमलेला, रुबाबदार पण थोडा एकटा माणूस आहे. माझं मत पेरोनोला.

रानवारा

दोन्ही फोटो आत्ताच शोधून बघितले. पेरोनो!! गालावरचा तो हिरवा बघा, एवढा हिरवा गालावर टाकायची हिंमत माझ्यात कधी येईल.

निशिगंध

मलाही पेरोनोचंच आवडलं होतं, पण मी मूळ लेखात लिहिलं नाही कारण ज्याच्यावर लिहायला बसले त्याच्यावर अन्याय होईल असं वाटलं. बरं झालं मिनू७ तू लिहिलंस. एक त्याच्या बाजूचं पण सांगते, आदेलाईद लाबी-गियार नावाच्या चित्रकार बाईने पेस्टल त्याच्याकडेच शिकलं, आणि १७८३ मधे ती आणि व्हिजे ल ब्रं ही दुसरी चित्रकार, दोघी एकाच दिवशी अकादमीत घेतल्या गेल्या. बायकांना तिथे चारच जागा होत्या तेव्हाची गोष्ट.

आजोळ

मी नेहमी नुसता वाचतो, आज लिहितोय. पहिल्या महायुद्धाबद्दल वाचताना हे नाव मला भेटलं होतं. सॅं-कांतां जर्मनांच्या ताब्यात होतं आणि आघाडी तिथेच आली. १९१७ मधे गाव रिकामं केलं तेव्हा जर्मन अधिकाऱ्यांनी ही पेस्टल काढून मोब्यूझ नावाच्या गावाला नेली आणि तिथे एका बंद दुकानात त्यांचं संग्रहालय मांडलं. दुकानाचं नाव होतं 'ओ पोव्हर दियाब्ल', म्हणजे बिचारा, बापडा माणूस अशा अर्थाचं. बाहेर तोफा चाललेल्या आणि आत दुकानात व्हर्सायची माणसं भिंतीवर. युद्धानंतर ती परत आली पण मूळ इमारत उद्ध्वस्त झाली होती, ती नव्याने बांधून १९३० च्या दशकात संग्रहालय पुन्हा उघडलं.

धुळीची चित्रं घोड्यागाडीने, मोटारीने, रेल्वेने नेली असतील तेव्हा किती पूड सांडली असेल याचा विचार करत राहतो.

चौकट

आजोळ, फार मोलाची भर. हादऱ्यांच्या भीतीनेच आज संग्रहालयं पेस्टल सहसा बाहेर पाठवत नाहीत. उजेडही मोजून, पन्नास लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास. म्हणून निशिगंध यांना मंद उजेड दिसला.

आणि त्या चेहऱ्यांचं नशीब बघा. १७८४ मधे तो पॅरिस सोडून गावी परतला तेव्हा बुद्धी ढळू लागली होती, झाडांशी बोलायचा म्हणतात. १७ फेब्रुवारी १७८८ ला गेला, फ्रेंच राज्यक्रांतीच्या दीड वर्ष आधी. स्टुडिओतलं सगळं सावत्र भावाकडे गेलं, त्याच्यामागे गावाला आणि त्या चित्रकला शाळेला. पुढे काही विकायला काढलं तर किंमतच येईना, कारण क्रांतीनंतर पावडर लावलेले चेहरे कोणाला नको होते. विकलं गेलं नाही म्हणून एका जागी राहिलं.

आता निशिगंध यांच्या मूळ मुद्द्याकडे. मी तुमच्या विरुद्ध बोललो खरा, पण एक गोष्ट राहिली. लूव्हरमधलं पोंपादूर, १७५५ चं, पावणेदोन मीटर उंच, टेबलावर विश्वकोशाचा चौथा खंड, माँतेस्क्यूचं कायद्यावरचं पुस्तक, व्होल्तेअरचं काव्य, हातात संगीताची वही. ज्या विश्वकोशाचे पहिले खंड १७५२ मधे दरबारनेच दाबले होते तो राजाच्या मैत्रिणीच्या कोपराशी. केवढा धीटपणा आहे त्यात. ते चित्र अनेक कागद जोडून केलंय हे तर झालंच, पण तिचा चेहरा वेगळ्या कागदावर आहे. समोर बसवून चेहरा केला, तो कागद कापला आणि मोठ्या चित्रात बसवला. द रियेच्या चित्रातही तसंच.

निशिगंध

सर!! म्हणजे तयारीचा चेहरा आतच आहे?

मी लूव्हरला ते चित्र बघितलं होतं, सॅं-कांतांच्या तीन दिवस आधी, आणि झग्यावरची फुलं बघत राहिले, फार फार तर चेहरा जरा गोड वाटला एवढंच आठवतंय. तो जोड दिसतो का डोळ्यांनी?

चौकट

सरळ समोरून अवघड. थोडं बाजूला उभं राहून, उजेड तिरपा पडेल असं बघा, डोक्याभोवती कागदाची कड जाणवते. तिथून आत बघायचं, बाहेरचं सगळं हाताने झाकून.

निशिगंध

लेकीला आत्ताच मेसेज टाकला. ती रविवारी जाते म्हणालीये. बघून काय म्हणते ते इथेच लिहिते.

रानवारा

त्यांना माझा एक निरोप द्या, चेहऱ्यातली रेघ आणि झग्यातली रेघ एकाच दाबाची आहे का ते बघायला सांगा. चेहऱ्यात बोटाने घोटलंय आणि वर सुट्या रेघा आहेत असं फोटोत वाटतंय, पण फोटोवर माझा विश्वास नाही.

आणि निशिगंधताई, आईचं पोर्ट्रेट आहे. काचेत आहे. आतल्या भिंतीवर.